तीन मिनिटांचं चायनीज

जगात तीन मिनिटांत होणाऱ्या पदार्थाइतका वेळखाऊ पदार्थ दुसरा नाही. पुरणपोळी निदान सरळ वागते. तुमचा अख्खा दिवस जाणार आणि कंबर धरणार, हे ती आधीच सांगून टाकते. चिनी परतलेल्या भाजीचं तसं नाही. व्हिडिओतला माणूस कढई तापवतो, तेल सोडतो, आलं-लसूण टाकतो, भाज्या टाकतो, कढई दोनदा हवेत उडवतो आणि ताटलीत काढून कॅमेऱ्याकडे बघून हसतो. घड्याळ लावून तीन मिनिटं. त्याच्या ओट्यावर काचेच्या वाट्यांत सगळे जिन्नस धुऊन, निवडून, एकसारखे चिरून कोणी मांडून ठेवले, हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या घरी माणसं कमी आणि वाट्या जास्त असाव्यात.

"आज तू ओट्याकडे फिरकायचं नाहीस. आज मी करणार," हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून निघालं की समजूतदार बायका चेहऱ्यावर कौतुक आणतात आणि मनात भांडी मोजायला घेतात. आमच्या सौ.नं दोन्ही एकदम केलं.

"काय करणार आहात?"

"चायनीज. पण गाडीवरचं नाही. अस्सल. डंपलिंग आणि सॉसमधली भाजी."

"म्हणजे मोमोजच ना बाबा?" कन्या म्हणाली. मोमो हे तिबेट-नेपाळकडचे, मी करणार ते उत्तर चीनचे जिआओझी, दोघांचं कूळ जवळचं असलं तरी घराणी वेगळी, असं मी समजावून सांगू लागलो. व्याख्यान संपलं तेव्हा खोलीत मी आणि पंखा एवढेच उरलो होतो.

अस्सलपणाची सुरुवात वाण्यापासून झाली.

"सोया सॉस द्या."

"हा घ्या."

"हा डार्क की लाइट?"

वाण्यानं बाटली उजेडात धरून पाहिली. "काळा आहे."

"मला लाइट पाहिजे."

"शुगर निघाली का तुम्हाला?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

मी त्याला सांगितलं, की चिनी स्वयंपाकघरात सोया सॉस दोन असतात. फिका असतो तो पातळ आणि खारट, तो चवीला. गडद असतो तो जास्त मुरलेला, दाट, किंचित गोडसर, तो रंगाला. फिका म्हणजे पथ्याचा नव्हे. उलट मीठ त्यातच जास्त. माझ्यामागे रांग वाढत होती. एक मुलगा गोळ्या घ्यायला आला होता, त्याची नाणी तळहातात घामेजली. शेवटी वाणी शांतपणे म्हणाला, "साहेब, हाच घ्या. फिका पाहिजे तर पाणी घाला."

मग शाओशिंग. चीनच्या चच्यांग प्रांतातल्या शाओशिंग शहराची तांदळाची दारू चिनी मसाल्यात एक चमचा पडते, आणि त्या चमच्यावाचून मांसाचा उग्रपणा जात नाही, असं सगळे जाणकार सांगतात. ती न मिळाल्यास ड्राय शेरी चालते. वाइन शॉपच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. एरवी हा माणूस पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तर ओळख दाखवत नाही.

"अरे वा! आज तुम्ही इकडे?"

"स्वयंपाकासाठी हो. एक चमचा लागते फक्त."

"बरोबर आहे," ते समजुतीनं म्हणाले. "आमचाही एकच चमचा असतो."

महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. कोंबडीच्या खिम्याला पाजायलाही लागतो का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तिसरी बाटली ऑयस्टर सॉसची. ती आमच्या मातोश्रींच्या हाती पडली. मातोश्री मालवणच्या. कालवं खडकावरून फोडून आणून त्याच दिवशी शिजवायची, या संस्कारात वाढलेल्या.

"कालवांचो सॉस? बाटलेत? कधीची कालवां ही?"

मी उत्साहानं गोष्ट सांगितली. १८८८ साली ग्वांगडाँग प्रांतातल्या नानशुई गावात ली कुम शेउंग नावाचा एक खानावळवाला कालवं शिजत ठेवून विसरला. आठवण झाली तेव्हा भांड्यात दाट, तपकिरी, घमघमणारा रस झाला होता. त्यानं तो विकायला काढला आणि त्यातून जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. तव्यावर खरपूस होणाऱ्या डंपलिंगचीही अशीच आख्यायिका आहे. कुणी स्वयंपाकी म्हणे आधणातलं पाणी आटेपर्यंत विसरला, खालची बाजू करपून कुरकुरीत झाली, आणि खाणाऱ्यांना तीच आवडली.

"आमच्याकडे तुम्ही दूध विसरलात," सौ. म्हणाली, "त्याची कंपनी कुठे निघाली?"

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. चीनमध्ये माणूस विसरला की पदार्थ जन्माला येतो. आमच्याकडे विसरला की पातेलं रात्रभर भिजत पडतं.

बाटल्यांवर भागलं नाही, म्हणून सिचुआनची मिरी ऑनलाइन मागवली. छोटी पुडी, मोठी किंमत. ही आपली काळी मिरी नव्हे. ही लालसर, उललेली फळं. जिभेवर ठेवली की जीभ झिणझिणते आणि ओठ आपले आहेत की शेजाऱ्याचे ते कळेनासं होतं. मी पुडी मोठ्या थाटात कापली. मातोश्रींनी लांबूनच वास घेतला.

"अरे मेल्या, ही तर तिरफळां!"

"आई, ही सिचुआन प्रांतातून…"

त्या उठल्या, आपल्या कपाटातली बरणी घेऊन आल्या आणि मूठभर तिरफळं माझ्यापुढे ओतली. बांगड्याच्या तिखल्यात पडतात तीच. दोन्ही मी शेजारी ठेवून पाहिली. वनस्पतिशास्त्र दुर्दैवानं मातोश्रींच्या बाजूचं आहे. दोघी एकाच कुळातल्या, झँथॉक्सायलम नावाच्या. दोन्हींत आतली काळी बी टाकून द्यायची आणि साल वापरायची. जीभ झिणझिणवण्याचा गुणही दोघींचा. आमच्या तिरफळाला लिंबूवर्गी वास जरा अधिक, इतकंच.

"तिरफळां झाडार लागतत," मातोश्री पुडीवरची किंमत वाचून म्हणाल्या, "पैशे नाय."

यानंतर प्रत्यक्ष पाककृतीला हात घातला. कोबी बारीक चिरून त्याला मीठ चोळायचं, पाणी सुटलं की पिळून काढायचं. नाहीतर डंपलिंग आतून पाझरतं. मी पाणी मोरीत ओतायला गेलो तर मातोश्रींनी पातेलं हातातून काढून घेतलं. "कणकेत घाल. फुकट नको घालवू." मग खिमा. खिमा एकाच दिशेनं ढवळायचा, असा चिनी आयांचा कडक नियम आहे. एकाच दिशेनं फेटलं की मांसातली प्रथिनं चिकटून एकमेकांना धरून राहतात आणि रस आत कोंडला जातो. मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं निघालो. मध्येच फोन वाजला. दोन मिनिटांत परत आलो तर चमचा कन्येच्या हातात आणि खिमा उलट्या दिशेनं चाललेला.

"काय केलंस हे! दिशा बदलली!"

"मग आता उलटं ढवळ ना बाबा, फिट्टंफाट."

या प्रश्नावर घरात गट पडले. सौ.चं म्हणणं, खिम्याला दिशा कळत असती तर कोंबडी रस्त्यात गाडीखाली आली नसती. मातोश्रींचं म्हणणं, माणसाला तोंडात घातल्यावर दिशा एकच. मी पुन्हा मूळ दिशेला लागलो, पण मनातला संशय गेला नाही.

पारी लाटणं हा पुढचा प्रवेश. जिआओझीची पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी. त्यासाठी एका हातानं बारकं लाटणं कडेवर पुढंमागं फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं पारी थोडी थोडी गोल फिरवत न्यायची. दोन हात दोन वेगळी कामं करतात. माझे दोन्ही हात एकमेकांकडे बघत राहिले. मातोश्रींनी पोळपाट आपल्याकडे ओढला आणि करंज्यांसाठी लाटतात तशा भराभर पाऱ्या पाडल्या. कड बंद करताना त्या सवयीनं मुरड घालू लागल्या. मी म्हटलं, "मुरड नको, चुण्या पाहिजेत. तैपेईचं एक प्रसिद्ध उपाहारगृह आहे, ते लोक आपल्या शाओलोंगबाओला मोजून अठरा चुण्या घालतात."

"अठरा?" मातोश्रींनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "आणि गणपतीक काय करतत?"

वाफवायला बांबूची टोपली हवी. बांबू वाफ शोषून घेतो, त्यामुळे झाकणावरून पाणी खाली टपकत नाही, अशी शास्त्रीय माहिती मी दिली. मातोश्रींनी मोदकपात्र काढलं, झाकणाला आतून पंचा घट्ट बांधला, चाळणीत हळदीची पानं अंथरली आणि गॅस लावला. पाणी एक थेंब टपकलं नाही. मात्र झाकण उघडल्यावर कन्येनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, गणपती कधी आहेत?"

उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघरी जिआओझी करतात. त्यांचा आकार जुन्या काळच्या सोन्या-चांदीच्या लगडीसारखा, म्हणून ते धनाचं चिन्ह. त्यातल्या एकात नाणं लपवतात. ज्याला ते मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. मी एक कोरं नाणं घासून, उकळून एका डंपलिंगमध्ये भरलं आणि जेवायला बसताना सगळ्यांना सांगितलं. मामा आले होते. त्यांनी आधी कवळीला हात लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

ते पुढे. आधी भाजी. वाट्या सगळ्या भरल्या होत्या. एकीत आलं, एकीत लसूण, एकीत पातीचा पांढरा भाग, एकीत हिरवा, एकीत सॉसचं मिश्रण, एकीत कॉर्नफ्लोअरचं पाणी.

"अहो, वाट्या संपल्या. आमटी कशात वाढू?" सौ.नं विचारलं. अस्सल चायनीजबरोबर आमटी कशाला, हा माझा प्रश्न तिनं ऐकला नाही. ती अनुभवी आहे.

कँटनी स्वयंपाक्यांचा सगळा दिमाख कढईच्या धगीत असतो. लोखंडी कढई धुरकटेपर्यंत तापवायची; मग भाजीला जो खरपूस, धुरकट दरवळ येतो त्यावर त्यांची अब्रू अवलंबून. त्यांच्या भटारखान्यातली शेगडी विमानासारखी गर्जते. आमची शेगडी फुल्ल केली तरी पोळी जेमतेम फुगते. तरीही मी कढई तापवली, आणि धूर झाला. तेलात तिरफळ, सुकी मिरची आणि लसूण एकदम पडलं, आणि घरातली सगळी माणसं एकसुरात ठसकली. बेल वाजली. समोरच्या काकू पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"काही जळतंय का हो?"

"नाही काकू. चायनीज चाललंय."

"मग ठीक," म्हणून त्या गेल्या. जाताना आपलं दार मात्र त्यांनी कडी लावून घट्ट केलं.

मग कढई उडवायची पाळी. भाजी वर गेली ती सगळी खाली आली असं म्हणता येणार नाही. बेबीकॉर्नचा एक तुकडा अजून सापडायचा आहे. कॉर्नफ्लोअरचा स्वभाव असा, की पाण्यात कालवून क्षणभर पाठ फिरवली की ते तळाला जाऊन बसतं, आणि ओतायच्या आधी पुन्हा ढवळावं लागतं. माझी पाठ बेबीकॉर्नच्या शोधात फिरलेली होती. वरचं पाणी आधी गेलं, मागून गोळा पडला. डोळ्यांदेखत सॉस थरथरला, दाटला आणि कढई सोडू लागला.

"वड्या पाडतोस?" मातोश्रींनी विचारलं. त्यांनी ताट उलटं करून तेलाचं बोट फिरवायची तयारीसुद्धा दाखवली.

पानं मांडली. मामांनी पहिला घास घ्यायच्या आधीच कपाळ दाबलं. "अजिनोमोटो घातलंस मां? माझा डोक्या दुखूक लागला."

"मामा, चिमूटभरही घातलेलं नाही. आणि तुम्ही अजून खाल्लेलंही नाही."

"वासानच."

अजिनोमोटोचा हा दरारा जुना आहे. १९०८मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्रशैवालाच्या सारातून चवीचा हा अर्क वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी तो बाजारात आला. १९६८मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, की चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते आणि धडधडतं. तेव्हापासून जगातली निम्मी डोकेदुखी चायनीजच्या खात्यावर जमा झाली. नंतरच्या चाचण्यांत, कशात काय घातलंय हे खाणाऱ्याला कळू न देता पाहिलं, तेव्हा तो आरोप काही नीट सिद्ध होईना. तेच ग्लुटामेट टोमॅटोतही भरपूर असतं. हे मी सांगितल्यावर मामांनी पानातली टोमॅटोची कोशिंबीरही बाजूला सारली.

नाण्याचा दरारा मात्र नवाच. सगळे दबकत, कडेकडेनं चावत होते. मामा मध्येच म्हणाले, "ह्येच्यात शेंगदाणो खंयसून इलो?" पण माझं लक्ष नाण्याकडे होतं. डंपलिंग संपत आले तरी नाणं कोणाला मिळेना. शेवटचं संपलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकमेकांच्या पोटाकडे.

"कोणी गिळलं का? खरं सांगा."

"मला काहीतरी टोचल्यासारखं वाटतंय," कन्या म्हणाली. सौ.नं फोन हातात घेतला. एक्स-रे आत्ता काढावा की सकाळपर्यंत वाट पाहावी, यावर मामांनी आपल्या ओळखीतल्या एका पोराची गोष्ट सुरू केली. त्या पोरानं तर चावी गिळली होती. तेवढ्यात मातोश्री पाणी पिऊन शांतपणे म्हणाल्या, "खाण्यात पैशे घालतत काय कोण? लक्ष्मी ती. मी काढून देवाकडे ठेवलंय. त्येच्या जागी शेंगदाणो घातलंय."

देवघरात नाणं हळद-कुंकू लावून बसलं होतं. नंतर वाचनात आलं, की दात आणि स्वच्छता सांभाळण्यासाठी चीनमध्येही हल्ली पुष्कळ घरांत नाण्याऐवजी शेंगदाणा नाहीतर खजूर घालतात. म्हणजे घरातला सगळ्यांत अस्सल प्रकार मातोश्रींनी केला, तोही चीनचा नकाशा न बघता. आणि वर्षाचं भाग्य, डोकं दुखत असलेल्या मामांना गेलं.

"बाबा, छान झालंय," कन्या म्हणाली. "आता शेजवान चटणी दे."

मी तिला सांगितलं, की खुद्द सिचुआनमध्ये या लाल चटणीला कोणी ओळखणार नाही. तिथली खरी मसालेदार चीज म्हणजे फिश्यानची, बाकल्याचे दाणे आणि मिरची मडक्यात महिनोन्महिने आंबवून केलेली. सौ. म्हणाली, "तेवढे महिने कुठे थांबणार? तिला भूक आत्ता लागलीय." बाटली आली, फिरली, रिकामी झाली. मामांचंही डोकं थांबलं. मग कोणीतरी मांचुरियनचा विषय काढला. मी म्हटलं, ते चायनीज नव्हेच. नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्यानं १९७५मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं म्हणून आलं, लसूण, हिरव्या मिरच्या परतल्या, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लोअर लावलं, झालं.

"म्हणजे चिनी माणसानं केलं," सौ. म्हणाली, "आणि तुम्ही त्याला अस्सल म्हणत नाही. हे तुम्ही केलं, ते अस्सल."

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांचं एक असतं. त्यांच्या वाट्याला भांडी येत नाहीत. ज्यांच्या वाट्याला येतात ते लोक विसरलेला रस विकतात, करपलेली बाजू वर करून वाढतात, गरम मसाल्याऐवजी सोया ओततात आणि पुढच्या पिढीला त्यावर व्याख्यानं द्यायची सोय करून ठेवतात. हे मला मोरीपाशी सुचलं. कारण त्या रात्री वाट्या मी घासत होतो.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण जेवताना, नाण्याच्या आधी, मी हौसेनं आणखी एक माहिती देऊन बसलो होतो, की नववर्षाच्या रात्री चिनी घरात डंपलिंग एकटी बाई करत नाही. आजोबा, काका, पोरं, घरातले पुरुष झाडून सगळे टेबलाभोवती बसतात, कोणी लाटतं, कोणी भरतं, कोणी मिटतं. हे मी बोलत असताना सौ. एकदम लक्ष देऊन ऐकत होती. तिनं दोनदा विचारून खात्रीही करून घेतली.

"पुरुषसुद्धा?"

"सगळे. प्रथाच आहे ती."

तिनं मान डोलावली. सॉसच्या बाटल्या, तिरफळाची पुडी, धगीचा दरवळ, यातलं आमच्या घरात काही रुजलं नाही. दिवाळीला मात्र सकाळी नऊला तिनं टीव्ही बंद केला, सारणाचा डबा मध्ये ठेवला आणि माझ्यापुढे पोळपाट सरकवला. मामांनाही फोन करून बोलावून घेतलेलं होतं. ते कपाळ दाबत मुरड घालायला बसले. मी म्हटलं, करंजीत कसलं आलंय चीन?

"अहो, अस्सल म्हणजे अस्सल," ती म्हणाली. "आणि सारण एकाच दिशेनं ढवळा."